अंगणातली ठिपक्यांची रेघ

मिलिमीटरला अंगणात एक खोली बांधायची होती. दहा बाय बारा. आत एक खाट, एक खिडकी, कडेला संडास आणि खाटेवर बाबा, एवढाच आराखडा. खाली फक्त स्वयंपाकघर होतं, त्यामुळे बाबा वरच्या मजल्यावर राहत. वरच्या मजल्यापासून अंगणापर्यंत सतरा पायऱ्या होत्या आणि बाबांच्या गुडघ्यांनी चार महिन्यांपूर्वी राजीनामा दिला होता. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून उभा राहिलेला माणूस आता दिवसभर खिडकीशी बसून होता आणि "मला एकदा जमिनीवर उतरव रे," एवढंच मागत होता. विमानातले प्रवासीसुद्धा याहून जास्त मागतात.

मिलिमीटर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात तो सव्वीस वर्षं नकाशे काढत होता आणि जे जमिनीवर आहे ते कागदावर आलंच पाहिजे, याबाबतीत तो कोणाचं ऐकत नसे. एकदा त्याने नकाशात रस्त्यावरचा एक खड्डा दाखवला. साहेब म्हणाले, "अहो, खड्डा तात्पुरता आहे, खोडा तो." त्याने खोडला नाही. पुढे साहेब निवृत्त झाले, खड्डा अजून नोकरीत आहे. तर अशा माणसाचं नाव सव्वीस वर्षांत एकाही नकाशाच्या कोपऱ्यात आलं नव्हतं. तिथे साहेबांचीच सही असायची. हे दुःख तो कोणाला सांगत नसे, पण बायकोला ते पाठ होतं.

बांधकाम परवानगीचा अर्ज घेऊन तो खिडकी क्रमांक चारवर गेला. बरोबर स्वतःच्या हाताने शाईत काढलेला जागेचा नकाशा होता. एवढा सुबक, की रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने "छापील का हो?" असं विचारलं. खिडकीतल्या कारकुनाने मात्र तो पाहिलाही नाही.

"कागद बंद झालाय."

"म्हणजे?"

"आता सगळं ऑनलाइन. सार्वजनिक नकाशावर तुमची जागा दाखवायची, आजूबाजूचे रस्ते दाखवायचे आणि त्याची लिंक जोडायची."

"कुठे जोडायची?"

"अर्जाला. तीन प्रतींत. लिंक कागदावर छापून आणा, खाली सही करा."

मिलिमीटरने घरी येऊन तो सार्वजनिक नकाशा उघडला. जगाचा नकाशा होता तो. बोटाने सरकवायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, आणि कोणालाही त्यात भर घालता यायची. समुद्र होते, वाळवंटं होती, कुठल्याशा बर्फाळ बेटावरचं एकुलतं एक टपाल कार्यालयसुद्धा होतं. त्यांची वसाहत मात्र नव्हती. तिच्या जागी फिकट निळा रंग होता आणि वर लिहिलं होतं, 'पाणथळ जागा'.

"मी पाणीपुरवठ्यात आहे," तो बायकोला म्हणाला, "मला माहितेय, इथे पाणी नाही."

"ते आम्हालाही माहितेय," बायको रिकाम्या नळाकडे बघत म्हणाली.

मदतीला मेहुणा आला. मेहुणा कॉम्प्युटरच्या क्षेत्रात होता, म्हणजे कॉम्प्युटरसमोर ठेवायच्या खुर्च्या विकत होता. त्याने मिलिमीटरचं खातं उघडून दिलं आणि म्हणाला, "दाजी, आता तुम्हीच काढा सगळी वसाहत. तुमच्या हातचा मळ आहे."

मग मिलिमीटरने दोन आठवड्यांची हक्काची रजा टाकली आणि टेप घेऊन रस्त्यावर उतरला. वसाहतीत कोणी काही मोजायला लागलं की दोनच शक्यता असतात: रस्ता रुंद होणार किंवा घर पडणार. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळे बाहेर आले आणि सल्ले सुरू झाले. समोरचे वकील म्हणाले, "माझा ओटा जरा पुढे दाखवा, प्रत्यक्षात मी तो लवकरच पुढे घेणार आहे." कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आपला दवाखाना मुख्य रस्त्यावर हवा होता. दवाखाना हलवता येत नसेल तर मुख्य रस्ता हलवा, अशी त्यांची तडजोडीची भूमिका होती. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी वसाहत नुसतं 'बाई' म्हणायची, त्या टेपचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या आणि "शून्य नीट धर," असं त्यालाच सांगू लागल्या.

मिलिमीटर कोणाला बधला नाही. त्याने आहे ते, आहे तिथे, आहे तेवढं काढलं. एकोणीस विजेचे खांब, त्यातला एक वाकडा. अकरा व्हॉल्व्ह, त्यातले सात बंद. चौकातला कुत्रासुद्धा दाखवला, कारण तो सहा वर्षांत तिथून हलला नव्हता आणि मिलिमीटरच्या व्याख्येत तो बांधकामात मोडत होता.

आणि मग, स्वतःच्या घरापाशी आल्यावर, त्याने अंगणातून एक ठिपक्यांची रेघ काढली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण या रेघेचं आहे. त्यांच्या अंगणाला पुढे फाटक होतं आणि मागच्या भिंतीत एक दार. मागच्या गल्लीपलीकडे बसथांबा. वळसा घालून थांब्यावर जायला सहा मिनिटं लागत, अंगणातून दीड. फार वर्षांपूर्वी बाईंची बस चुकत होती, तेव्हा बाबांनी वरून ओरडून सांगितलं होतं, "अहो बाई, मधून जा, तुमचंच घर समजा!" वाक्य म्हणायला सोपं असतं. बाईंनी ते शब्दशः घेतलं. मग डॉक्टरांनी घेतलं, मग वकिलांनी. दिवसाला आठदहा माणसं जायची, "येतो हं" म्हणायची, बाबांना हात करायची. खोली बरोबर त्याच वाटेवर येणार होती. तेव्हा सगळ्यांना वळसा घालायची विनंती करायची, असं घरात ठरलेलं होतं.

बायकोने स्क्रीनवर रेघ पाहिली. "हे काय?"

"पायवाट."

"आपल्या अंगणात?"

"आहे ना पण."

"असली म्हणून दाखवायची? अहो, तुम्ही घोरता. ते मी वसाहतीच्या फलकावर लावते का?"

"अगं, ठिपक्यांची आहे. ठिपके म्हणजे कच्ची, खाजगी, तात्पुरती. कोणाही नकाशा वाचणाऱ्याला कळतं."

आपल्याखेरीज जगात नकाशा वाचणारे किती आहेत, हा विचार त्याने सव्वीस वर्षांत केला नव्हता.

मेहुण्याने शेवटचं बटण दाखवलं. 'फक्त माझ्यासाठी', 'पाहण्यासाठी सर्वांना' आणि 'पाहण्या व बदलण्यासाठी सर्वांना' असे तीन पर्याय होते. "तिसरं दाबा, दाजी. जितके लोक, तितकी लिंक मजबूत." खुर्चीच्या पायांबाबत हे खरं असेलही. मिलिमीटरने तिसरं दाबलं. कोपऱ्यात त्याचं नाव उमटलं: 'निर्मिती', आणि पुढे तो. त्याने ते बायकोला दाखवलं, बाबांना दाखवलं, मग उगाच एकदा नकाशा लहानमोठा करून पुन्हा स्वतःच पाहिलं. त्या दिवशी त्याने दोनदा दाढी केली.

पहिले चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवशी सकाळी एक पार्सलवाला स्कूटरसकट अंगणात शिरला.

"कोणाचं पार्सल?" बायकोने विचारलं.

"तुमचं नाही," तो म्हणाला, आणि मागच्या दारातून निघून गेला.

झालं होतं असं, की पार्सलवाल्यांचे फोन रस्ता शोधायला हाच सार्वजनिक नकाशा वापरत. आजवर त्यांना तिथे पाणथळ दिसायची, म्हणून ते बिचारे लांबून जायचे. आता त्यांना ठिपके दिसले. फोनला ठिपक्यांचा स्वभाव कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. आठवडाभरात अंगणातून पार्सलवाले, क्लासची मुलं, एक गॅसवाल्याची सायकल, मोर्चातून चुकलेले दोन कार्यकर्ते आणि सकाळी फिरणाऱ्यांचा एक गट जाऊ लागला. हा गट अंगणात थांबून हातवारे करून हसायचा, कारण डॉक्टरांनी त्यांना तसं सांगितलं होतं.

बाबा मात्र उजळले. आठदहा ओळखीच्या माणसांऐवजी त्यांच्या खिडकीखाली आता बसभर गर्दी होती. "चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका! मागे जागा आहे!" ते वरून ओरडायचे आणि माणसं खरोखर पुढे सरकायची. "बाबा, ही माणसं आपल्या अंगणात घुसतायत," मिलिमीटर कळवळून सांगायचा. "गाडी रिकामी न्यायची असते का रे?" बाबा म्हणायचे.

मग वसाहतीने तिसऱ्या बटणाचा अर्थ शोधून काढला. नकाशा सगळ्यांना बदलता येत होता. वकिलांचा ओटा रात्रीत दोन मीटर पुढे आला. दवाखाना मुख्य रस्त्यावर गेला. आणि मिलिमीटरच्या अंगणातल्या रेघेला कोणीतरी नाव दिलं, 'कंडक्टर मार्ग'. खाली लोकांचे अभिप्रायही येऊ लागले. 'सावली चांगली. तीन तारे.' 'दोरीवर ओले कपडे असतात, उंच माणसांनी जपून.' 'वरचे आजोबा प्रेमळ, खालचा मालक त्रासिक चेहऱ्याचा.'

हे वाचून त्याचा चेहरा जो झाला, त्याने अभिप्रायाला पुष्टीच मिळाली. पण त्याहून मोठा घाव खालच्या ओळीत होता. कोणीतरी लिहिलं होतं: 'रुंदी: दीड मीटर.'

दीड मीटर! मिलिमीटर बसल्या जागेवरून उठला. टेप घेऊन अंगणात गेला. मागून येणाऱ्या स्कूटरला हाताने थांबवून त्याने फाटकाकडच्या अरुंद बोळात घराची भिंत ते कुंपण असं तीन ठिकाणी मोजलं आणि सगळ्यात कमी आकडा धरला. मग वर येऊन तक्रार बाजूला ठेवली आणि आधी दुरुस्ती केली: 'रुंदी: अकराशे चाळीस मिलिमीटर.' नकाशाने त्याचे आभार मानले. 'या मार्गाची खात्री केल्याबद्दल धन्यवाद,' असं लिहून एक हिरवी खूण केली. ती खूण कसली, हे त्याला खिडकी क्रमांक चारवर कळलं.

"तुमचा अर्ज नामंजूर," कारकून म्हणाला. "खोली सार्वजनिक वाटेवर येतेय."

"तिथे सार्वजनिक वाट नाही. ते माझं अंगण आहे."

कारकुनाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. तो पूर्ण वळत नव्हता, त्यामुळे मिलिमीटरला मान आडवी करून पाहावं लागलं. "हा नकाशा कोणाचा?"

"माझाच."

"निर्मिती म्हणून नाव कोणाचं?"

सव्वीस वर्षं तो सरकारी कार्यालयात आपलं नाव नकाशावर पाहायची वाट बघत होता. ते असं, कानात खिडकीची चौकट रुतवून पाहावं लागेल, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "माझंच," तो म्हणाला.

"आणि ही हिरवी खूण. मालकाने स्वतः खात्री केली. अकराशे चाळीस. आता मला सांगा, नसलेल्या वाटेची रुंदी कोण मोजतं?"

रांगेतला मागचा माणूस हसला. मिलिमीटरने अर्जाच्या तिन्ही प्रती उचलल्या आणि तो घरी आला.

वकिलांनी ओट्यावर बसवून समजावलं. "याला वहिवाट म्हणतात. लोक वर्षानुवर्षं जातायत हे सिद्ध करावं लागतं. साक्षी, पुरावे, कोर्टात हयात जाते लोकांची. तुम्ही तो पुरावा घरबसल्या, प्रमाणासकट दिलात. माझ्या उभ्या कारकिर्दीत असा पक्षकार पाहिला नाही."

"माझ्या बाजूने काही करता येईल?"

"तुमच्या बाजूने? मी तर विरुद्ध बाजूचं सांगत होतो. मी पण तिथूनच जातो ना."

रेघ खोडायला तो गेला, तेव्हा नकाशाने सांगितलं की खात्री झालेला मार्ग असा खोडता येत नाही. विनंती करावी लागेल, मग परवानगी कार्यालयाचा निरीक्षक जागेवर येऊन पाहील. मिलिमीटरने विनंती केली. तेरा दिवस त्याने वाट पाहिली, म्हणजे निरीक्षकाची. चौदाव्या दिवशी तो कामावर असताना निरीक्षक आला. फोन तोंडासमोर धरून तो पुढच्या फाटकातून शिरला. बायकोला वाटलं, पार्सलवाला. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "कपड्यांखालून वाका, मग सरळ, दार उघडंच आहे!" वरून बाबा ओरडले, "चला, पुढे चला!" निरीक्षक वाकला, सरळ गेला आणि मागच्या दारातून बाहेर पडला. फोन त्याच्या चालण्याची रेघ उमटवत होता. अहवाल संध्याकाळच्या आत आला: 'मार्ग अस्तित्वात आहे. पाहणीच्या वेळी वाहतूक सुरळीत होती. एका महिलेने व एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने मार्गदर्शन केले. विनंती फेटाळली.'

"मला काय स्वप्न पडलं होतं का?" बायको म्हणाली. तिने माळ्यावरून खोलीसाठी शिवलेला खिडकीचा पडदा काढला आणि त्याची पायपुसणी केली.

मिलिमीटर बाजारात गेला आणि मागच्या दाराला कुलूप आणलं.

तासाभरात नकाशावर लाल फुली आली, 'मालकाने अडवला'. पाठोपाठ बाई आल्या. त्या वळसा घालून आल्या होत्या आणि दमल्या होत्या, हे त्यांनी आधी सांगितलं.

"तुझे वडील असे नव्हते," त्या म्हणाल्या.

"बाई, त्यांच्यासाठीच खोली बांधतोय."

"मग त्यांना विचार की, कुलूप लावू का म्हणून."

त्याने विचारलं नाही. विचारायची वेळच आली नाही, कारण बाबा वरून सगळं ऐकत होते. "कुलूप काढ!" ते ओरडले. "एकतीस वर्षांत मी थांब्यावर माणूस सोडून गाडी हलवली नाही. आता घरात बसून हलवू होय?"

"बाबा, दार उघडं राहिलं तर खोली नाही. कळतंय का? खोली नाही, म्हणजे तुम्ही वरच."

बाई चपलेच्या अंगठ्याने फरशी उकरत होत्या.

"कुलूप काढ," बाबा म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

मिलिमीटरने कुलूप काढलं. बाई मुद्दाम मागच्या दारातून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात धप्प असा आवाज झाला. मिलिमीटर धावला. बाबा सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात मोजे. "खोली होत नाही तर मीच येतो," ते म्हणाले आणि बसल्या बसल्या दुसऱ्या पायरीवर सरकले. मिलिमीटर खाली, बायको वर, मधे बाबा. प्रत्येक पायरीला ते एक थांबा पुकारत होते. शाळा. दवाखाना. पोस्ट. आठव्या पायरीला त्यांना दम लागला, तेव्हा म्हणाले, "इथे गाडी दहा मिनिटं थांबेल." पंचवीस मिनिटं थांबली. सतराव्या पायरीला त्यांनी कोणताच थांबा पुकारला नाही. नुसते मोजे काढले आणि पाय जमिनीवर टेकवले.

मग मिलिमीटरचा दंड धरून ते कंडक्टर मार्गाने चालू लागले. फाटकापासून मागच्या दारापर्यंत. पार्सलवाला मागून आला आणि त्याने हॉर्न वाजवला. "काका, जरा कडेला."

"कडेला जागा नाही," बाबा मागे न बघता म्हणाले. "अकराशे चाळीस आहे."

पार्सलवाल्याने स्कूटर बंद केली आणि ढकलत मागून आला. मागच्या दाराशी पोचायला त्यांना अकरा मिनिटं लागली. तिथून बसथांबा दिसत होता. एक बस आली, उभी राहिली, गेली. "दोन मिनिटं उशीर," बाबा म्हणाले. पुढे त्यांचे गुडघे दुमडले. पार्सलवाल्याने आणि मिलिमीटरने त्यांना खुर्चीत घालून सतरा पायऱ्या वर नेलं. खुर्ची मेहुण्याच्या दुकानातली होती. चाकांची. जिन्यात चाकं फक्त खाली जायचा प्रयत्न करतात.

मिलिमीटर अंगणात येऊन बसला. खिशात फोन थरथरला. 'आज तुम्ही कंडक्टर मार्गाने गेलात. मार्ग अजून चालू आहे का?' खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नाही'. तो बराच वेळ 'नाही'कडे बघत राहिला. आजवर खोटं काढलं नव्हतं त्याने, एक खड्डासुद्धा नाही. त्याने 'हो' दाबलं.

नकाशाने आभार मानून पुढचा प्रश्न विचारला: 'हा मार्ग ज्येष्ठ नागरिकांना सोयीचा आहे का?'

त्याने वर पाहिलं. बाबा खिडकीत होते. घामाघूम, सदरा चुरगळलेला, मोजे हातात. खालून फिरणाऱ्यांचा गट चालला होता आणि बाबा आवाज लावायचा प्रयत्न करत होते, पण आज तो फुटत नव्हता. ते नुसताच हात हलवत होते, पुढे चला, पुढे चला.

मिलिमीटरने प्रश्न पुन्हा वाचला. प्रश्न वाटेबद्दल होता. वाट सपाट होती, सावलीची होती, तीत एकही पायरी नव्हती. त्याने 'हो' दाबलं. जिना नकाशात नव्हताच. तो खाजगी होता.